टांझानियातील प्राथमिक शाळा : चाळणी की पायरी?

एखाद्या देशातील प्राथमिक शाळा समजून घ्यायची, तर ती मुळात कशासाठी काढली गेली हे पाहावे लागते. पूर्व आफ्रिकेतील टांझानियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

या देशाचा मुख्य भूभाग म्हणजे टांगानिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जर्मनांच्या ताब्यात गेला. कारभारासाठी कारकून व दुभाषे हवे होते, म्हणून जर्मनांनी टांगा या बंदरात आणि इतरत्र सरकारी शाळा काढल्या. तेथे स्वाहिली भाषेतून शिकवत. बाकीच्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले. त्यांच्या अमदानीत आफ्रिकी, आशियाई व युरोपीय मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होत्या. आफ्रिकी मुलांना चार इयत्तांनंतर परीक्षा असे आणि तीतून थोडेच पुढे जात. राज्यकर्त्यांना मोजकेच शिकलेले लोक हवे होते. त्यामुळे शाळेची रचनाच चाळणीसारखी होती.

१९६१ साली टांगानिका स्वतंत्र झाला, तेव्हा प्राथमिक शाळांत पाच लाखांहून कमी मुले होती. देशाचे नेते ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. १९६७ साली त्यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण ही भूमिका मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता. बहुतेक मुले माध्यमिक शाळेत जाणारच नसतील, तर प्राथमिक शिक्षण ही केवळ पुढच्या परीक्षेची तयारी असून कसे चालेल? ते स्वतःपुरते पूर्ण हवे. शाळेला शेत जोडले गेले आणि प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली ठरले. आपल्याला येथे वर्ध्याच्या 'नई तालीम'ची आठवण होईल.

१९७४ साली मुसोमा येथे ठराव झाला : तीन वर्षांत प्रत्येक मूल शाळेत आणायचे. पण एवढे शिक्षक आणायचे कोठून? सातवी उत्तीर्ण झालेल्या तरुणांना वर्गावर नेमले गेले. शिकवता शिकवता ते पत्रद्वारा आणि रेडिओवरून प्रशिक्षण घेत. १९८० पर्यंत पट तेहतीस लाखांवर गेला.

असे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पटावरील एकूण मुलांना त्या वयोगटातील मुलांच्या संख्येने भागून शंभराने गुणले, की ढोबळ पटप्रमाण मिळते. समजा, गावात शाळेच्या वयाची १०० मुले आहेत. त्यांतील ८० शाळेत येतात, शिवाय वय उलटून गेलेली २५ मुलेही पटावर आहेत. ढोबळ प्रमाण १०५ टक्के येईल. तरी २० मुले शाळेबाहेरच असतील.

पुढे १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध, महागलेले तेल आणि निर्यातीच्या पिकांचे उतरलेले भाव यांनी देशाची तिजोरी रिकामी झाली. १९८०च्या दशकात शाळेची फी परत आली आणि पटाचे प्रमाण घसरले. २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द होताच मुलांची रीघ लागली आणि वर्ग ओसंडून वाहू लागले.

पटावरची मुले शिकतात का, हा प्रश्न मात्र उरला. तो तपासण्याची एक रीत भारतातून तेथे गेली. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणारी 'असर' पाहणी चालवली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन पूर्व आफ्रिकेत 'उवेझो' ही पाहणी सुरू झाली. या स्वाहिली शब्दाचा अर्थ क्षमता. २०१० च्या पाहणीत टांझानियातील तिसरीच्या बहुसंख्य मुलांना दुसरीच्या पातळीची स्वाहिली गोष्ट वाचता आली नाही.

दुसरी अडचण भाषेची. माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजीच राहिले. सात वर्षे स्वाहिलीतून शिकलेल्या मुलाला आठव्या वर्षी विज्ञानही नव्या भाषेत समजून घ्यावे लागले. चार इयत्तांनंतरची जुनी चाळणी गेली. नवी थोडी पुढे सरकून बसली.

शाळा सर्वांसाठी उघडणे आणि सर्वांना शिकवणे ही दोन कामे आहेत. आपल्या गावापुरते तरी दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत : शाळेच्या वयाची किती मुले पटावर आहेत आणि त्यांतील किती जणांना दुसरीचा धडा अर्थ समजून वाचता येतो. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे आपल्या चाळणीची भोके.