ऐकू येणारी अक्षरे

बंगळूरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगांमुळे झपाट्याने वाढला. नोकरीधंद्यासाठी तेथे गेलेल्यांत मराठी भाषकही आहेत. बाजारात, शेजारीपाजारी बोलून कामापुरते कन्नड त्यांना येऊ लागते. परंतु कानाला ओळखीचा झालेला शब्द पाटीवर दिसला की तो परका वाटतो. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही कर्नाटकाची राजभाषा आहे. तेव्हा ज्याला ती वाचता येत नाही, त्याला सरकारी सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते आणि तो सांगेल त्यावर विसंबावे लागते.

अशा वाचकाला इंटरनेटवरील ध्वनी आणि चित्रे यांचा चांगला आधार मिळतो. वर्णमालेचा क्रम त्याला नवा नसतो. नवी असतात ती अक्षरांची वळणे. शिवाय कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही आहेत. हा भेद अक्षर पाहता पाहता ऐकला, तरच मनात ठसतो. बंगळूरूच्याच प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कन्नड व मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. त्या मुलांसाठी आहेत म्हणून प्रौढांनी संकोच करण्याचे कारण नाही. एकच कथा दोन्ही भाषांत मिळाल्यास ती आधी मराठीत वाचावी. आशय ठाऊक असला की कन्नड अक्षरांकडे पुरेसे लक्ष देता येते.

गाण्याखाली त्याच भाषेतील ओळी दाखवून वाचनाचा सराव घडवण्याची कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडली. कन्नड गाणे पाहताना खाली इंग्रजी ओळी असतील, तर अर्थ कळतो. कन्नड वाचन मात्र होत नाही.

चित्र हलते असले म्हणजे अधिक उपयोगी, असेही नाही. चुन आणि प्लास यांचा जर्मन शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास १९९६ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात शब्दार्थासोबत स्थिर चित्र पाहिलेले शब्द चलच्चित्रासह पाहिलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहिले.

काही ठिकाणी मात्र चित्रही पुरत नाही. ‘अवसर’ हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटतो, पण रोजच्या कन्नडमध्ये त्याचा अर्थ घाई असा आहे; संधीला तेथे ‘अवकाश’ म्हणतात. असा शब्द आला की मागचे-पुढचे वाक्य पुन्हा वाचावे. त्यानंतर आवाज बंद करून तोच परिच्छेद एकदा स्वतः वाचावा आणि जेथे अडेल, तेवढाच शब्द पुन्हा ऐकावा.