पिकअपमधली दुसरी बॅटरी : समाजाच्या कामाचा भार गाडीवाल्याच्या बॅटरीवर का?

हिंगोली जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर आम्ही संध्याकाळी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याची शिबिरे घेतो. दिवसा आई-वडील शेतात किंवा हळदीच्या कामावर असतात आणि मुले कॉलेजात, म्हणून शिबिर संध्याकाळीच घ्यावे लागते. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका स्कॅन करून चढवाव्या लागतात, मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. हे सगळे चालू असताना लाइट गेली की अर्ज अर्धवट राहतो. कधी कधी त्या मुलाचे वर्षाचे पैसेही अडकतात.

सेनगाव तालुक्यातील एका गावात आम्ही यावर सोपा उपाय केला. ज्या दादांच्या पिकअपमधून टेबल-खुर्च्या आणल्या होत्या, त्यांच्याच गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला. त्यावर अडीच-तीन तास दोन लॅपटॉप, प्रिंटर, दिवे आणि स्पीकर चालले. फॉर्म भरून झाले आणि सगळे खूश झाले. रात्री अकराला दादांनी चावी फिरवली तर गाडीने नुसती टकटक केली. पहाटे त्यांना हळदीचे कट्टे घेऊन मोंढ्यात पोहोचायचे होते. दहा जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही आणखी तीनदा तेच केले. मग बॅटरी कायमची बसली आणि नवी त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतली. ते आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या गाडीवर कर्जाचा हप्ता आहे हे आम्हाला माहीत होते.

म्हणून हा लेख. गाडीला धक्का न लावता काम कसे चालवायचे, हे आम्ही चुका करत शिकलो. ते इथे मांडत आहोत.

गाडीची बॅटरी का बसते?

पिकअप, छोटा हत्ती अशा गाड्यांना १२ व्होल्टची बॅटरी असते. तिचे मुख्य काम काही सेकंदांचे असते. स्टार्टर फिरवताना ती शेकडो अँपिअर करंट देते आणि इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तिला पुन्हा भरतो. कमी वेळात जास्त करंट देता यावा म्हणून तिच्यातील शिशाच्या प्लेट पातळ असतात. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केली की प्लेटवरचा लगदा झडतो, त्यावर सल्फेटचा थर जमतो आणि तिची ताकद कायमची घटते. बॅटरीत दोष नव्हता. आम्ही धावणाऱ्याला हमाली करायला लावली होती.

हिशेब करून पाहू. दोन लॅपटॉपचे १०० वॅट, इंक टँक प्रिंटरचे २०, इंटरनेटच्या राउटरचे १०, नऊ वॅटच्या चार एलईडी दिव्यांचे ३६ आणि छोट्या स्पीकरचे ४०, म्हणजे एकूण साधारण २०० वॅट. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के वीज वाया जाते असे धरले तर बॅटरीवर सुमारे २३५ वॅटचा, म्हणजे जवळपास २० अँपिअरचा भार येतो. गाडीची बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर दोन तासांत ४० अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक वीज संपते. मग स्टार्टर फिरणार कसा?

रात्रभर इंजिन चालू ठेवणे हाही मार्ग नाही. डिझेल जळते, धूर होतो आणि आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

दुसरी बॅटरी किती मोठी हवी?

आमचे शिबिर चार तासांचे असते. २०० वॅट गुणिले ४ तास म्हणजे ८०० वॅट-तास. इन्व्हर्टरची गळती धरून सुमारे ९४० वॅट-तास. आपले शिबिर वेगळे असेल तर प्रत्येक वस्तूवर लिहिलेले वॅट जोडा आणि तासांनी गुणा. लेझर प्रिंटर मात्र यादीतून काढून टाका. कागद छापताना तो क्षणभर कित्येक शे वॅट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर बंद पाडतो.

आता दोन पर्याय उरतात. पहिला, घरोघरी दिसणारी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्यापर्यंतच वापरावी. त्या हिशेबाने आपल्याला १५० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. तिचे वजन पन्नास किलोंच्या वर जाते, आत आम्ल असते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर, माणसे बसलेल्या हौद्यात ती नेणे धोक्याचे आहे.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा. या रसायनाची वाट १९९७ मध्ये अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या शोधनिबंधाने मोकळी केली. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी नोबेल मिळाले. मोबाइलमधील लिथियम बॅटरीपेक्षा हा प्रकार उष्णतेला अधिक स्थिर असतो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२८० वॅट-तास मावतात आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १०२४, बिनधास्त वापरता येतात. आपली गरज ९४० ची आहे. वजन साधारण बारा किलो, म्हणजे एक जण उचलू शकतो. किंमत जास्त पडते, पण नीट वापरली तर ती कितीतरी अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. आत बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट असलेलीच बॅटरी घ्या.

पेटी कशी बांधायची?

बॅटरी, ५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, फ्यूज आणि मीटर हे सगळे एकाच कडीच्या पेटीत बसवा. पेटी हवाबंद नको, बाजूंना जाळी हवी. आतली बॅटरी पट्टीने घट्ट बांधा. हौद्यात पेटी ठेवल्यावर तिलाही दोन पट्ट्यांनी कड्यांना आवळा, कारण ब्रेक मारल्यावर सुटी पेटी पुढे उडते.

फ्यूज हा या सगळ्याचा प्राण आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. ५०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ५० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून ६० अँपिअरचा फ्यूज आणि १६ चौरस मिलिमीटरची आखूड तांब्याची केबल वापरा. घरातील एसी लाइनचा एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, त्यासाठी डीसीचाच ब्रेकर लागतो.

मीटर शंटचा घ्या. या लिथियम बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे व्होल्ट पाहून किती शिल्लक आहे ते कळत नाही. शंट मीटर आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजतो.

गाडीवर चार्ज करायची की घरी?

इथे आमचा एक गैरसमज होता. गाडी धावताना बॅटरी आपोआप भरेल असे वाटत होते. पण लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती भरमसाट करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त होत राहतो. त्यामुळे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. २० अँपिअरचा चार्जर तासाला २० अँपिअर-तास भरतो. आपण वापरलेले ९४० वॅट-तास म्हणजे सुमारे ७३ अँपिअर-तास. ते भरायला साडेतीन तासांहून जास्त गाडी चालायला हवी. हिंगोलीहून औंढा, सेनगाव किंवा कळमनुरी तासाभराच्या आतच येते. म्हणजे जाऊन-येऊनही बॅटरी निम्मीच भरेल.

म्हणून आमचा सल्ला असा आहे : सुरुवात फक्त पेटी आणि घरच्या चार्जरने करा. शिबिराच्या आदल्या रात्री पेटी भरा, गाडीत ठेवा, परत आल्यावर उतरवा. गाडीला एकही वायर जोडायची गरज नाही. पेटी सुटी असण्याचा मोठा फायदा हाच. गाडी कुणाचीही असो, पेटी आपली.

सलग दोन-तीन दिवसांचा दौरा असेल तरच गाडीतून लाइन काढा. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि चार गोष्टी तपासा. एक, गाडीची बॅटरी आणि पेटी अशा दोन्ही टोकांना ४० अँपिअरचा फ्यूज. दोन, १० चौरस मिलिमीटरची केबल. पाच मीटर जाणे आणि पाच मीटर येणे अशा दहा मीटरमध्ये २० अँपिअरवर तिच्यात सुमारे ०.३४ व्होल्ट गळतो, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत १.४ व्होल्ट गळतो आणि तार तापते. तीन, हौद्याजवळ ५० अँपिअरचा अँडरसन प्लग. तो उलटा बसत नाही आणि हाताने सुटतो. चार, इंजिन बंद होताच लाइन तुटेल अशी चार्जरची जोडणी, नाहीतर पुन्हा गाडीचीच बॅटरी रिकामी होईल. काम करताना आधी निगेटिव्ह सोडा आणि जोडताना ते शेवटी जोडा. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. कायमचे वायरिंग करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर विक्रेत्यालाही विचारा.

काळजी

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडी हौदा तव्यासारखा तापतो. ४५ अंशांच्या वर बहुतेक लिथियम बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, म्हणून पेटी सावलीत ठेवा. इन्व्हर्टरमधून निघणारी वीज २३० व्होल्टचीच असते, पावसात तिचा शॉक घरच्याइतकाच जीवघेणा ठरतो. खराब झालेली बॅटरी भंगारात फुंकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशाची बॅटरी उघड्यावर फोडून वितळवणाऱ्यांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या रक्तात ते शिसे जाते. ते काम कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पेटी कोणाची?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब श्रमखाते सांभाळत होते आणि वीज व पाटबंधाऱ्यांचे विषयही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय गरिबाची सुटका नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. वस्तीत संध्याकाळी वीज असणे हा म्हणूनच मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. पेटी त्यावरचा तात्पुरता आधार आहे. वीज नियमित मिळावी ही मागणी सोडायची नाही.

आम्ही वर्गणी काढून पेटी घेतली. तिला एक वही बांधली आहे : कोणी नेली, किती टक्के भरून नेली, किती उरली. गाडीचे भाडे वेगळे लिहिले जाते आणि त्याच दिवशी दिले जाते. दादांच्या जुन्या बॅटरीचे पैसेही त्याच वर्गणीतून दिले. त्यांनी आधी नाही म्हटले, मग घेतले.

समाजाचे काम म्हटले की आपण गाडीवाल्याला, मंडपवाल्याला, स्पीकरवाल्याला गृहीत धरतो. तोही आपलाच माणूस असतो आणि म्हणूनच तो नाही म्हणू शकत नाही. पुढच्या कार्यक्रमाला कुणाच्या गाडीला वायर जोडण्याआधी त्याला एवढेच विचारा : सकाळी तुमची खेप किती वाजता आहे?