संकेतस्थळाचे स्थलांतर

एखादे कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी राहावयास गेले म्हणजे त्याचा पत्ता बदलतो. नवा पत्ता आप्तेष्टांना कळवावा लागतो, पोस्टात अर्ज द्यावा लागतो. आणि इतके करूनही काही पत्रे जुन्या दारी जातातच. संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेल्या लेखनाची गोष्ट याहून निराळी आहे. ते एका संगणकावरून उचलून हजारो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या संगणकावर नेले, तरी त्याचा पत्ता जसाच्या तसा राखता येतो. वाचकास या स्थलांतराची वार्ताही लागत नाही. हे कसे घडते आणि ते नीट न घडल्यास काय हरवते, ते आता पाहू.

लेखन राहते कोठे?

समजा, एका शिक्षकाने आपल्या तालुक्यातील पक्ष्यांची टिपणे वीस वर्षे लिहून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. जगातील कोठल्या तरी इमारतीत अहोरात्र चालू असणाऱ्या एका संगणकात ती साठविलेली असतात. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. अखंड वीज, थंड हवा आणि सततची देखरेख यांची त्यास गरज असल्यामुळे तो घरी बाळगणे सामान्य माणसास सोयीचे नसते. म्हणून त्यावरील जागा भाड्याने घेतात. अशी जागा पुरविण्याच्या व्यवसायास होस्टिंग असे नाव आहे. भाडेकरू घर बदलतो ती सारी कारणे येथेही लागू पडतात. भाडे वाढते, जागा अपुरी पडते, देखरेख ढिली होते, किंवा मालक आपला व्यवसायच आवरतो.

नाव आणि आकडा

जाळ्यावरील प्रत्येक संगणकास आकड्यांचा पत्ता असतो. त्याच्या जुन्या व अद्याप प्रचलित असलेल्या पद्धतीत ० ते २५५ यांमधील चार संख्या ओळीने येतात. असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. ते अपुरे पडू लागल्यामुळे याहून लांब पत्त्यांची दुसरी पद्धतही वापरात आली आहे. आकडे यंत्रास सोपे असले तरी माणसास नावच लक्षात राहते. म्हणून कोणत्या नावाचा आकडा कोणता, याची नोंदवही ठेवावी लागते.

अमेरिकेतील अर्पानेट या आरंभीच्या जाळ्यात ही नोंदवही म्हणजे एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील गट ती सांभाळीत असे, आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढली तशी ही रीत अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी एका यादीऐवजी नोंदवह्यांची उतरंड सुचविली. सर्वांत वरच्या नोंदवहीत फक्त ‘इन’, ‘कॉम’ यांसारख्या शेवटच्या पदांची माहिती असते. त्या पदांखालील नावे कोण सांभाळतो हे दुसऱ्या पायरीवर कळते, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्याही खालच्या पायरीवर मिळतो. या व्यवस्थेस डोमेन नावांची पद्धती म्हणतात. २०१४ सालापासून ‘भारत’ हे देवनागरी पदही या उतरंडीत आले असून त्याच्या भाषांत मराठीचा समावेश आहे.

स्थलांतराचे सारे मर्म या पद्धतीत आहे. नाव आणि जागा यांची येथे फारकत झालेली असते. जागा बदलली म्हणजे नोंदवहीतील आकड्याची ओळ तेवढी बदलावयाची. नावास धक्का लागत नाही.

जुनी नोंद किती काळ जगते?

मात्र ही ओळ बदलताक्षणीच जगभर बदल होत नाही. प्रत्येक वेळी सारी उतरंड चढूनउतरून यावे लागू नये, म्हणून वाटेवरचे संगणक मिळालेला आकडा काही काळ स्वतःजवळ टिपून ठेवतात. किती काळ ठेवावा, याची मुदत त्या नोंदीतच सेकंदांत लिहिलेली असते. ही मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, आहे असे धरू. बदल होण्यापूर्वी तासभर आधी ज्या संगणकाने आकडा टिपून घेतला, तो पुढील २३ तास वाचकांस जुन्याच दारी पाठवीत राहील.

यावर तोड साधी आहे. स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी ही मुदत ३०० सेकंदांवर आणावी. दिवसभरात दीर्घ मुदतीची जुनी टिपणे संपून जातात. मग आकडा बदलला की, पाच मिनिटांत बहुतेक वाचक नव्या जागी पोहोचतात. काही संगणक मुदत काटेकोरपणे पाळीत नाहीत. यास्तव जुनी जागा लगेच सोडू नये. दोन्ही ठिकाणी तेच लेखन काही दिवस राहू द्यावे, आणि त्या अवधीत नवी भर घालणे थांबवावे. नाहीतर कालचे टिपण जुन्या घरातच राहून जाते.

याच नोंदवहीत टपालाची, म्हणजे ई-मेलची, ओळ निराळी असते. नोंदवहीच नव्या कंपनीकडे नेताना ती ओळ उतरवून घेण्याचे राहिले, तर संकेतस्थळ उत्तम दिसते आणि पत्रे मात्र येईनाशी होतात. हा दोष पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो.

अक्षरांचा घात

मराठी लेखनास आणखी एक संकट संभवते. संगणक अक्षरे संख्यांच्या रूपाने साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस स्थान मिळाले. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या रीतीने लिहिताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे एकूण पंधरा बाइट झाले. नव्या जागेच्या यंत्रणेने ‘एक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर’ अशा जुन्या समजुतीने तेच बाइट वाचले, तर त्या एका शब्दाच्या ठिकाणी पंधरा असंबद्ध खुणा उमटतात.

बाइट शाबूत असतील, तर योग्य रीतीने वाचताच मूळ अक्षरे परत दिसतात. परंतु यंत्रणेने न ओळखलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे घालून ती तशीच साठविली, तर मूळ मजकूर त्या प्रतीतून कायमचा गेला असे समजावे. म्हणून स्थलांतरानंतर केवळ मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नये. जुन्यातली जुनी पाने उघडावीत, जोडाक्षरे तपासावीत. आणि मूळ प्रत हाती ठेवल्यावाचून हे काम आरंभूच नये.

प्रत्येक पानाची वाट

संकेतस्थळाचे नाव टिकले तरी आतील पानांच्या वाटा बदलू शकतात. कोणा विद्यार्थ्याने आपल्या निबंधाखाली एका विशिष्ट पानाचा पत्ता दिलेला असतो. नव्या मांडणीत तो पत्ता राहिला नाही, तर त्या निबंधाचा आधारच तुटतो. अशा वेळी जुन्या वाटेवर सर्व्हरने ३०१ क्रमांकाचे उत्तर द्यावे अशी योजना करतात. ‘हे पान कायमचे अमुक ठिकाणी गेले आहे’ असा त्याचा अर्थ असून, वाचक आपोआप तेथे पोहोचतो. ही योजना नसेल तर ४०४ हा क्रमांक येतो, म्हणजे पान सापडले नाही.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका टिपणात याच गोष्टीवर भर दिला होता. पानांचे पत्ते आपोआप बदलत नसतात, ते माणसे बदलतात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्यांनीच जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ उभारले. पुढे ते त्याच्या मूळ पत्त्यावर दिसेनासे झाले. २०१३ साली सर्नने १९९२ सालची प्रत शोधून ती पुन्हा त्याच पत्त्यावर ठेवली. जगातील पहिले संकेतस्थळही जिथे हरवू शकते, तेथे शाळेच्या वार्षिकांकाची काय कथा! अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

नाव कोणाचे?

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, नाव लेखकाच्या ताब्यात आहे. तसे नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण जिओसिटीज या सेवेत सापडते. १९९४ साली सुरू झालेल्या या सेवेने असंख्य लोकांस विनामूल्य जागा दिली. १९९९ साली याहू कंपनीने ती विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. तेथील पानांच्या पत्त्यात सेवेचेच नाव होते. लेखकाने आपला मजकूर वेळीच उतरवून घेतला, तरी पत्ता त्यास बरोबर नेता आला नाही. त्या पानांकडे येणाऱ्या साऱ्या वाटा एका दिवसात खुंटल्या. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आणि काही स्वयंसेवक यांनी बरीच पाने उतरवून ठेवली, एवढेच काय ते वाचले.

स्वतःचे नावही कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. ‘कॉम’ नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी होते. मुदत टळली तर तेच नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. शाळा व ग्रंथालये यांत हे काम एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याकडे असते. नोंदणी त्याच्या खाजगी खात्यावर होते, आणि तो निवृत्त झाल्यावर परवलीचा शब्द कोणापाशीच उरत नाही. म्हणून नावाची नोंदणी संस्थेच्याच नावे करावी, नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या वहीत लिहून ठेवावी, आणि साऱ्या लेखनाची एक प्रत सर्व्हरखेरीज संस्थेच्या कपाटातही असावी. ही तीन कामे केलेली असली, म्हणजे जागेचा मालक बदलला काय किंवा बुडाला काय, लेखन आणि त्याचा पत्ता दोन्ही शाबूत राहतात.