लष्करी गाडीचे दोन क्रमांक

ऐतिहासिक लष्करी वाहनाला बहुधा दोन क्रमांक लाभलेले असतात. पहिला सैन्याने सेवाकाळात दिलेला, आणि दुसरा सेवा संपल्यावर ते खासगी मालकाकडे आले तेव्हा परिवहन कार्यालयाने दिलेला. कायद्याला दुसरा क्रमांक पुरतो. वाहन कोणत्या वर्षी आणि कोणत्या सैन्याच्या सेवेत आले याचा पुरावा मात्र पहिल्या क्रमांकात साठवलेला असतो, आणि भारतातील प्रचलित व्यवस्थेत नेमका तोच दिसेनासा होतो. म्हणून जुन्या जीप वा जोंगा जपणाऱ्यांच्या दृष्टीने पाटीचा प्रश्न कागदोपत्री सोपस्कारापुरता मर्यादित राहत नाही. वाहनाची ओळख किती टिकते हे त्यावर ठरते.

भारतीय सैन्याच्या वाहनावरील क्रमांकात वर टोक असलेला एक बाण असतो. ब्रिटिश राजवटीत सरकारी मालमत्तेवर अशी बाणाची खूण करण्याची जुनी प्रथा होती, तिचाच हा वारसा आहे. बाणाच्या जोडीला वाहन सैन्यात दाखल झाल्याच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग एक अक्षर, अनुक्रमांक आणि अखेरीस पुन्हा एक अक्षर येते. ही नोंदणी परिवहन कार्यालयाच्या कक्षेबाहेर होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंद केंद्राने नेमलेला स्वतंत्र प्राधिकारी करतो, आणि अशा वाहनाला अन्य नोंदणीची गरज राहत नाही. वाहन सरकारच्या मालकीचे राहिले नाही की ही सवलत संपते आणि नव्या मालकाला सामान्य नागरिकाप्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते.

या वाटेने आलेली वाहने महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, त्यांतील बऱ्याच ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात आल्या, आणि युद्ध संपल्यावर जो शिल्लक माल विक्रीस निघाला त्यातून ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केल्यामुळे या वाहनांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करू शकणारे कारागीर दोन्ही उपलब्ध राहिले. पुढे जबलपूरच्या कारखान्यात निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर तयार झालेली जोंगा आणि जर्मन मॅन कंपनीच्या परवान्याखाली बनलेला शक्तिमान ट्रक ही वाहनेही लिलावांतून खासगी हातांत गेली.

नागरी नोंदणी करताना तपासणी होते ती मुख्यतः चासी क्रमांकाची, म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावरील क्रमांकाची, आणि इंजिन क्रमांकाची. सैनिकी कार्यशाळेत मोठी दुरुस्ती करताना एका वाहनाचे दुरुस्त केलेले इंजिन दुसऱ्यात बसवणे ही सोयीची पद्धत होती, कारण तेथे महत्त्व होते ते वाहन लवकर कामावर रुजू होण्याला. त्यामुळे मूळ इंजिनासह टिकलेली लष्करी जीप दुर्मीळ आहे, आणि विक्रीच्या कागदांतील क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळला नाही तर प्रामाणिक मालकावरही संशयाचे सावट येते. लिलावाची मूळ कागदपत्रे जपणे अशा वेळी जीर्णोद्धाराइतकेच मोलाचे ठरते.

जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी वा चारचाकी, जिच्या सांगाड्यात, बांधणीत वा इंजिनात मोठा बदल झालेला नाही, तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी करण्याचे शुल्क वीस हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये आहे. प्रमाणपत्र दहा वर्षे वैध राहते. नव्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना नागरी क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच तिला मोकळीक आहे.

ही तरतूद स्वागतार्ह आहे, कारण तिने जुन्या वाहनाला वारसा म्हणून प्रथमच कायदेशीर स्थान दिले. परंतु तिची भाषा संस्थानिकांच्या आणि श्रीमंतांच्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून घडवल्यासारखी वाटते. पन्नास वर्षांची मोजणी करताना सैन्यातील सेवेचा काळ कसा धरायचा, हे लष्करी वाहनाच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. दुचाकी आणि चारचाकीपुरत्या व्याख्येमुळे सहाचाकी ट्रक आणि तोफा ओढणारी अवजड वाहने बाहेरच राहतात. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधील रणगाड्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण ते सार्वजनिक रस्त्यावर येत नाहीत. चालत्या स्थितीत जपलेल्या ट्रकला मात्र तो पडतोच.

त्याहून मोठी अडचण रंगाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे सैन्याचा विशिष्ट गडद हिरवा रंग, देता येत नाही. एक नियम वाहन मूळ रूपात जपण्याची अट घालतो आणि दुसरा मूळ रंगच नाकारतो. या पेचात सापडलेली युद्धकालीन जीप वाळूच्या, राखाडी किंवा लाल रंगात रंगवली जाते, आणि तिच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंवरील जुना क्रमांक त्या रंगाखाली गाडला जातो. हा तोटा किरकोळ मानता येत नाही. अमेरिकी जीपवरील क्रमांक वीस या अंकांनी सुरू होई आणि त्याच्या शेवटी ‘एस’ असल्यास त्या वाहनामुळे बिनतारी यंत्रात खरखर येऊ नये अशी योजना केल्याचे कळे. ब्रिटिश क्रमांकात ‘एम’ मोटारीसाठी, ‘एल’ लॉरीसाठी, ‘सी’ मोटारसायकलसाठी, तर ‘टी’ रणगाड्यासाठी असे. जुन्या छायाचित्रातील वाहन आणि आज समोर उभे असलेले वाहन एकच आहे हे सिद्ध करण्याचे सर्वांत भक्कम साधन हा क्रमांकच असतो.

निर्बंधांमागची भीती खोटी नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला करणारे गृह मंत्रालयाची बनावट चिठ्ठी लावलेल्या ॲम्बॅसेडरमधून आत शिरले होते, आणि बाणाची पाटी लावलेल्या हिरव्या जीपला तपासनाक्यावर सहज वाट मिळू शकते. म्हणून चालू पद्धतीचा लष्करी क्रमांक नोंदणीची पाटी म्हणून खासगी वाहनावर मिरवण्याची मुभा कोणीही मागू नये.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मात्र इतिहासाला बराच मान दिला आहे. तेथे कोणत्याही देशाच्या सैन्यासाठी बनलेले आणि लष्करी रचना व खुणा अचूकपणे राखलेले वाहन ‘माजी लष्करी वाहन’ ठरते, मग त्याचा आकार, वजन वा उत्पादनाचे वर्ष काहीही असो. त्या खुणा जपण्यासाठी आवश्यक असेल तर नागरी पाटी बाहेर लावण्यापासून सूट मिळते, परंतु पाटी आणि प्रमाणपत्र वाहनात ठेवून पोलिसांनी मागताच दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये नागरी पाटी सक्तीची आहे, तथापि १९८० पूर्वी बनलेल्या ऐतिहासिक वाहनांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वा रुपेरी अक्षरे असलेली जुन्या धाटणीची पाटी चालते, आणि बॉनेटवरील युद्धकालीन क्रमांक तसाच राहू शकतो.

भारताच्या सुरक्षास्थितीत फ्लोरिडाची सूट बसणार नाही. ब्रिटनची पद्धत बसू शकते. ‘व्हीए’ पाटी पुढे-मागे ठळक लावायची, स्वातंत्र्यापूर्वीचा लष्करी क्रमांक केवळ बॉनेटवर रंगवू द्यायचा, आणि पूर्वपरवानगीने नोंदलेल्या व्हिंटेज वाहनापुरता नियम १२१ शिथिल करायचा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. बाणाच्या पद्धतीतील क्रमांक बाहेर दाखवणे धोक्याचे वाटत असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रात ‘पूर्वीचा लष्करी क्रमांक’ असा एक रकाना वाढवावा. तोवर जीप खरवडायला घेणाऱ्या मालकाने रंगाचा प्रत्येक थर हाताने, बारीक पॉलिश पेपरने घासत उतरवावा, खाली दिसू लागलेल्या अंकांचे मोजमापासह छायाचित्र घ्यावे आणि ते लिलावाच्या कागदांसोबत ठेवावे, कारण यंत्राने एकदा पत्रा उघडा केल्यावर ते अंक पुन्हा मिळत नाहीत.