शंभरातले दहा रुपये

एप्रिल 2016 मध्ये लातूर स्थानकात एक गाडी आली. तिच्यात एकही प्रवासी नव्हता. टाकीच्या दहा वाघिणींमध्ये पाच लाख लिटर पाणी होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला मार्चमध्येच जमावबंदी लावावी लागली होती.

वाघिणी राजस्थानातल्या कोट्यात वाफेने धुतल्या गेल्या, मिरजेला कृष्णेच्या पाण्याने भरल्या गेल्या आणि सुमारे 340 किलोमीटर पळून लातूरला पोचल्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत 25 लाख लिटर पाणी आणू लागली. पण रेल्वेचं काम रुळांपाशी संपत होतं. पाणी उतरवून घेणं, शुद्ध करणं, टँकरने गल्लीगल्लीत पोचवणं ही कामं जिल्हा प्रशासन आणि महापालिकेची. रुळापासून रांजणापर्यंतचा हा शेवटचा टप्पा दिल्लीहून पार पडणारा नव्हता.

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था एकत्र येऊन मागास भागाला उभं करतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे मराठवाड्याच्या लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत जवळून पाहता येतं.

नांदेडचं उदाहरण आधीचं. गुरू गोविंदसिंग यांनी 1708 मध्ये इथेच गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. या गुरुतागद्दीची त्रिशताब्दी 2008 मध्ये आली. त्याआधी, डिसेंबर 2005 मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं होतं आणि त्यातल्या 63 शहरांत नांदेडचा समावेश झाला. पायाभूत कामांसाठी लहान शहरांचं सूत्र सोपं होतं: शंभर रुपयांतले 80 केंद्राचे, 10 राज्याचे, 10 महापालिकेचे. रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, गोदावरीचे घाट, गरिबांची घरं अशी कामं सोहळ्याच्या निमित्ताने धडाक्यात निघाली.

दिल्लीने अटीही घातल्या होत्या. घरपट्टीची वसुली वाढवा, हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवा, पाण्याचा खर्च पाणीपट्टीतून भागवा. कारण अभियानाचा पैसा जलवाहिनी टाकण्यासाठी होता. ती फुटली तर दुरुस्त करायची महापालिकेनेच. म्हणून ते दहा रुपये दिसायला छोटे, पण पुढच्या तीस वर्षांचा भार त्यांच्यावरच.

विमानतळाचंही तसंच. सोहळ्यासाठी नांदेडचा विमानतळ सजला, पण नियमित विमानसेवा टिकेना. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. तासाभराच्या प्रवासाला, ठरावीक जागांपुरतं, सुमारे अडीच हजार रुपयांचं भाडं. विमान कंपनीची तूट भरून काढायला केंद्राचे 80 टक्के आणि राज्याचे 20 टक्के. पुढे ती कंपनीच बंद पडली. अनुदानाने विमान उडतं खरं, पण ते उडतं ठेवायला शहरात पुरेसा व्यापार आणि प्रवासी लागतात.

लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याकडे म्हणूनच आशेने पाहिलं जातं. फेब्रुवारी 2018 मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यात करार झाला, हरंगुळ परिसरात जागा मिळाली आणि 25 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. 2023 मध्ये 120 वंदे भारत शयनयान गाड्यांचं काम भारतीय-रशियन भागीदारीला मिळालं. त्या गाड्या लातूरला बांधायचं ठरलं. कारखाना केंद्राने दिला. मात्र आयटीआयमधून तयार वेल्डर आणि फिटर मिळणं, सुटे भाग बनवणारे छोटे उद्योग एमआयडीसीत उभे राहणं, कामगारांच्या वस्तीला रोज पाणी मिळणं, हे इथेच घडवावं लागेल. नाहीतर डबे लातूरचे आणि कमाई दुसरीकडची, असं होईल.

या भागीदारीतला तिसरा भिडू मध्यंतरी जवळपास गायबच होता. दोन्ही महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. निधी येत राहिला, पण तो कुठे खर्चायचा हे विचारायला वॉर्डात हक्काचा माणूस नव्हता.

म्हणून नांदेड-लातूरकरांनी महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या वेळी एक प्रश्न जरूर विचारावा: नव्या योजनेसाठी किती, हे कळलं, झालेल्या योजनेच्या देखभालीसाठी यंदा किती ठेवले?