देऊळ मिटले तरी टिकलेली श्रद्धा

धर्माला राजसत्तेचा आश्रय असतो तेव्हा श्रद्धा किती खोल रुजली आहे, हे सहसा कळत नाही. आश्रय गेल्यावर मात्र ते स्पष्ट होते. गोव्याचे संत जोसेफ वाझ यांचे जीवनकार्य नेमके याच कसोटीशी जोडलेले आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर कॅथलिक धर्म श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरला. 1658 मध्ये डचांनी जाफना जिंकले आणि परिस्थिती पालटली. प्रोटेस्टंट डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलले, त्यांना आसरा देण्यास मनाई केली आणि देवळे ताब्यात घेतली. ज्यांची श्रद्धा केवळ सत्तेच्या सावलीत वाढली होती, त्यांनी ती सोडली. जे उरले, त्यांना कॅथलिक राहण्यात कोणताही लाभ नव्हता. धोका मात्र पदोपदी होता.

अशी जवळपास तीन दशके गेली. मिस्सा नाही, पापनिवेदनासाठी धर्मगुरू नाही. तरीही काही घरांत प्रार्थना चालू राहिली. वडीलधाऱ्यांनी ती मुलांना तोंडपाठ करवली आणि कुटुंबे गुपचूप जपमाळ म्हणत राहिली. देऊळ नव्हते, म्हणून घरच देऊळ झाले.

या लोकांची व्यथा गोव्यात पोहोचली. बाणावलीत 21 एप्रिल 1651 रोजी जन्मलेले आणि सांकवाळच्या घराण्यातील जोसेफ वाझ त्यावेळी धर्मगुरू होते. कॅथलिक राजसत्तेच्या प्रदेशात त्यांचे आयुष्य सुरक्षितपणे गेले असते. मात्र, त्यांनी 1687 मध्ये मजुराच्या वेशात, अनवाणी, जाफना गाठले. ते पोहोचले तेव्हा आजाराने जर्जर झाले होते. गावात कॅथलिक कोण, हे उघडपणे विचारणे शक्य नव्हते. त्यामुळे गळ्यात जपमाळ घालून ते भिक्षा मागत दारोदार फिरले. ती माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, याकडे त्यांचे लक्ष असे. अशा रीतीने विखुरलेली कुटुंबे सापडत गेली. रात्रीच्या अंधारात पुन्हा मिस्सा होऊ लागली.

पुढे 1692 मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कालांतराने बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा विश्वास त्यांनी संपादन केला. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. नातलगांनीही टाकून दिलेल्या रुग्णांची सेवा त्यांनी केली आणि मृतांना मूठमाती दिली. ही सेवा करताना त्यांनी रुग्णाचा धर्म पाहिला नाही.

आपल्यामागे हे काम चालावे, याचीही तजवीज त्यांनी केली. गोव्यातील ओरेटरी संघाचे धर्मगुरू श्रीलंकेत येऊ लागले. त्यांपैकी दिवाडीचे फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल धार्मिक लेखन केले. स्वभाषेत उतरलेली श्रद्धा खोल रुजते, हा अनुभव गोव्याला नवा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले होते. परक्या भूमीतून आलेला धर्म त्यात येथल्या ओवीतून बोलला.

जोसेफ वाझ गोव्यात परतले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले. सांकवाळच्या तीर्थस्थानी दरवर्षी जानेवारीत त्यांचे फेस्त साजरे होते आणि भाविकांची रीघ लागते.

फेस्ताची आरास चार दिवसांत उतरते. श्रीलंकेतील त्या कुटुंबांकडे तर तीही नव्हती. त्यांच्याकडे होती ती रोजची प्रार्थना, ती मुलांना शिकवणारे आईवडील आणि संकटात एकमेकांना धरून राहणारे शेजारी. गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत आजही तिन्हीसांजेला तेर्स म्हटला जातो. नोकरीनिमित्त मुले परदेशी गेली, घराघरांत माणसे कमी झाली आणि काही ठिकाणी हा क्रम खंडित झाला. त्या घरांवर आज कोणाचीही बंदी नाही. तरीही तीन शतकांपूर्वीच्या त्या कुटुंबांनी जे बंदीत जपले, ते मोकळेपणात जपणे अधिक सोपे आहे असे म्हणता येत नाही.