सिंहस्थाचं स्नान टीव्हीवरून जपून ठेवायचंय? मग बॉक्स असा निवडा

आमच्या शेजारच्या काकूंना आता गुडघ्यांमुळे रामकुंडाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. २०२७ च्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. ते टीव्हीवर बघायचं आणि बाहेरगावच्या नातवंडांसाठी साठवूनही ठेवायचं, असं त्यांनी ठरवलंय. "कुठला बॉक्स घेऊ?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांनाच उलट प्रश्न केला. तोच आपल्यालाही विचारते. रेकॉर्ड केलेलं एकदा बघून पुसायचंय, की कायमचं ठेवायचंय? दुकानात हे कोणी विचारत नाही आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

व्हीसीआरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झालं, तेव्हा ज्यांनी भाग कॅसेटवर उतरवले त्यांची ती कॅसेट गल्लीतल्या कुठल्याही यंत्रात चालायची. चुकून कोणी वर दुसरं काही घेऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी टिकली मोडून टाकत. लहानपणी ते काम माझ्याकडे असे. पेचकस लावला की टिकली टक्कन उडायची आणि ती कॅसेट पक्की झाली असं वाटायचं. आताच्या बॉक्सला तशी टिकली नाही, आणि त्यातलं रेकॉर्डिंगही तितकं आपलं राहिलेलं नाही.

असं का, ते आधी समजून घेऊ. नाशिकमधली केबल डिजिटल होण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. आता घरात येणारं चित्र आकड्यांच्या प्रवाहाच्या रूपात येतं. रेकॉर्डर त्याचं नव्यानं चित्रीकरण करत नाही, तो प्रवाह जसाच्या तसा साठवतो. म्हणून रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. पण पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या कूटबद्ध असतात, म्हणजे कुलूप लावून येतात. रेकॉर्डिंगही बहुधा कुलपासकटच साठतं आणि त्याची किल्ली त्या एकाच बॉक्सकडे असते. ती डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही.

आमच्या घरी याचा चटका बसला आहे. वडिलांच्या भजनी मंडळाचा टीव्हीवर लागलेला कार्यक्रम आम्ही अशाच बॉक्समध्ये ठेवला होता. दोन वर्षांनी बॉक्स बिघडला. दुरुस्तीला आलेल्या मुलानं नवा बसवला, जुना पिशवीत घालून नेला. वडिलांचा अभंग त्या पिशवीतून गेला, हे आम्हाला संध्याकाळी लक्षात आलं.

आता निवडीकडे येऊ. आपल्याला रात्रीची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की रेकॉर्डर घेऊच नका. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर मिळतात. घरी बरं इंटरनेट असेल तर तेवढं पुरतं.

इंटरनेट नीट चालत नसेल आणि पैसे भरून घेतलेल्या वाहिन्याच रेकॉर्ड करायच्या असतील, तर आपल्या डीटीएच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यावा लागेल. यात दोन प्रकार आहेत. काहींच्या पोटात हार्ड डिस्क असते, काहींना बाहेरून पेनड्राइव्ह जोडावा लागतो. घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: ट्यूनर किती आहेत? ट्यूनर म्हणजे वाहिनी पकडणारा भाग. तो एकच असेल, तर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बहुधा बघता येत नाही. सासूबाईंची मालिका रेकॉर्डिंगला लावली आणि त्याच वेळी क्रिकेटचा सामना असला, की घरात वाद ठरलेला. दोन ट्यूनर असतील तर बऱ्याचदा छतावरच्या डिशपासून दोन वायरी खाली आणाव्या लागतात. ते काम बॉक्स बसवतानाच करून घ्या.

कायमचं ठेवायचं असेल तर वाट वेगळी आहे. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्रीसारख्या वाहिन्या कुलपाविना येतात. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करू देणारा साधा एमपेग-४ बॉक्स घेतला, तर तयार झालेली फाइल लॅपटॉपवर चालते, हव्या तितक्या प्रती काढता येतात. काकूंसाठी आम्ही हेच ठरवलं. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे नाशिकहून डिशचं तोंड आग्नेयेला आणि क्षितिजापासून बरंच वर हवं. त्या बाजूला उंच इमारत किंवा आंब्याचं झाड आडवं येत नाही ना, हे गच्चीवर जाऊन आधी बघा.

बॉक्स घेताना खोक्यावर 'रेकॉर्डिंग' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. एम. जी. रोडवर जा किंवा आपल्या ओळखीच्या दुकानात, पण स्वतःचा रिकामा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातल्या जोडणीवर पाच मिनिटं सह्याद्री रेकॉर्ड करायला सांगा आणि ती फाइल तिथल्याच संगणकावर लावून बघा. चित्र आणि आवाज दोन्ही आले तरच पैसे द्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

पेनड्राइव्ह किती मोठा हवा? साध्या स्पष्टतेच्या वाहिनीला तासाला साधारण एक ते दीड जीबी लागते, एचडीला तीन किंवा त्याहून जास्त. स्नानाचं प्रक्षेपण पहाटेपासून दुपारपर्यंत दहा तास धरलं, तर साध्या वाहिनीसाठी ३२ जीबीचा पुरतो. नावाजलेल्या कंपनीचा, बिलासह घ्या. चारशे रुपयांत एक टीबी म्हणून जे विकतात त्यात खरी जागा फार थोडी असते. बॉक्स 'रेकॉर्डिंग चालू' दाखवत राहतो, आणि नंतर बघावं तर फाइल उघडत नाही.

पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावल्यावर बॉक्स तो 'फॉरमॅट' करायचा का, असं विचारतो. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं आखणं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावून घाईत 'हो' दाबलेली दोन घरं माझ्याच ओळखीत आहेत. रेकॉर्डिंगसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्याला लाल दोरा बांधा. आणखी एक. फॅट-३२ या जुन्या आखणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. काही बॉक्स तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, काही चक्क थांबतात. एकदा सलग पाच तास रेकॉर्ड करून आपला बॉक्स काय करतो ते बघून घ्या.

आता घड्याळ. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग इथे फसतात. बॉक्स वेळ उपग्रहाकडून घेतो, पण ती ग्रीनिचची असते. सेटिंगमध्ये 'टाइम झोन' +५:३० केलेला नसेल, तर पडद्यावर दुपारी साडेबाराला सकाळचे सात दिसतात. मग सकाळी सातला लावलेलं रेकॉर्डिंग दुपारी साडेबाराला सुरू होतं. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का, हे बघितल्याशिवाय टायमर लावूच नका.

टायमर म्हणजे ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय. सुरुवात दहा मिनिटं आधीची ठेवा. थेट प्रक्षेपण असेल तर शेवट तासभर पुढे ढकला, कारण मिरवणुका घड्याळ बघून चालत नाहीत. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्या इकडच्या तिकडे होतात. तेव्हा वाहिन्या नव्यानं शोधल्या की जुने टायमर उडतात किंवा भलत्याच वाहिनीवर जातात. ते पुन्हा लावा.

रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली चांगली सवय असते. रेकॉर्डिंगच्या रात्री मात्र ती मोडायची. बॉक्स रिमोटनं बंद केला तर चालेल, पण त्याची वीज चालू हवी. इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लग त्याच्यावर घ्या. टीव्ही नसला तरी रेकॉर्डिंग होतं.

आणि पाऊस. डीटीएचच्या लहरी इतक्या आखूड असतात की जोरदार सरीत पाण्याचे थेंब त्या शोषून घेतात आणि पडद्यावर चौकोन फुटू लागतात. २ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, दुतोंड्या मारुतीच्या किती वर पाणी चढलं ते बघायला लोक गंगेवर जातात ते दिवस. ढगफुटीसारख्या सरीपुढे इलाज नाही, पण डिश मुळात एक-दोन अंश सरकलेली असेल तर साध्या पावसातही चित्र जातं. मे महिन्यात नट कसून घ्या. मेनूमधली सिग्नलची पट्टी बघत दिशा सर्वांत चांगली जुळवा. डिशपुढच्या एलएनबीला, म्हणजे लहरी गोळा करणाऱ्या डोक्याला, जिथे वायर जोडली आहे तिथे पाणी शिरू नये म्हणून रबरी टोपी किंवा चांगली टेप लावा.

स्वतःच्या घरी बघण्यासाठी असं रेकॉर्डिंग करायला कायद्याची आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ खासगी वापराला मोकळीक देतं. तेच यूट्यूबवर टाकणं किंवा प्रती विकणं त्यात बसत नाही.

रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी फाइल लॅपटॉपवर घ्या, आणि आणखी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क बॉक्सला न लावता कपाटात ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि वाहिनी घाला. लॅपटॉपवर ती उघडली नाही तर व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर वापरून बघा.

काकूंची तालीम सध्या सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्यांवर चालू आहे. पहिल्या दिवशी वाहिनीचा क्रमांक चुकला, दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं बटण बंद राहिलं. काल मात्र अख्ख्या बातम्या आल्या, आणि लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह त्यांनी देवघरातल्या खणात ठेवला.